पाचोळ्यातलं फुलपाखरू

निवृत्त झाल्यावर मला फुलपाखरांचा नाद लागला. भोरच्या कचेरीत उभा जन्म फायलींत तोंड खुपसून काढलेला, त्यामुळे पंख असलेल्या कशाचंही अप्रूप. त्यातच कळलं, की हुबेहूब वाळक्या पानासारखं दिसणारं एक फुलपाखरू आपल्या वेल्ह्याच्या रानात आहे. मी हट्टालाच पेटलो. मिलिटरी छापाचं हिरवं जाकीट, तसलीच विजार, तसलीच टोपी घेतली आणि घालून दारातून बायकोला हाक मारली.

बायको म्हणाली, "अहो, कुठं आहात? नुसता आवाज येतोय."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी विंझरच्या पुढे एसटीतून उतरलो, टेकाड चढलो आणि करवंदीच्या जाळीला खेटून बसलो. हलायचं नाही, खोकायचं नाही. तास गेला. तेवढ्यात मुंग्यांनी मला शोधून काढलं.

मग उतारावरून एक म्हातारी आली. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला पाचोळा लागतो, तो ती गोळा करत होती. मी श्वास रोखला. ती सरळ माझ्यापुढेच येऊन थांबली.

"काय हरावलंय, सायेब?"

"मावशी, मी दिसलो तुम्हाला?"

"व्हय की! वरच्या बांधावरनंच. रान समदं वाळल्यालं आन् तुमी हिरवंगार. मला वाटलं, टेम्पोची ताडपत्री उडून आली. म्हनलं, घिऊन जावी घरला."

मी पडेल आवाजात फुलपाखराची हकिगत सांगितली. तिनं ती नीट ऐकून घेतली आणि बोट दाखवलं. "त्ये बगा. तुमच्या मागं, ऐनाच्या बुंध्याला."

मी वळलो. बुंध्याला एक वाळकं पान चिकटलेलं. देठ, मधली शीर, बुरशीचे ठिपकेसुद्धा.

"ते पान आहे, मावशी."

तिनं हातातली काटकी बुंध्यावर हलकेच आपटली. पान उघडलं. आतून निळाशार रंग असा लखकन फाकला, की माझ्या हातातला मोबाईल तसाच राहिला. दोन गिरक्या घेऊन ते पाचोळ्यात उतरलं आणि पंख मिटून पुन्हा पान झालं.

"येवडं द्येखनं रूप, आन् झाकून ठिवतंय," म्हातारी म्हणाली.

"पाखरं खातात ना, म्हणून."

"मंग शानं हाय," असं म्हणून ती पुढच्या झाडाखाली गेली. जाताना मात्र तेवढी जागा सोडून तिनं पाचोळा गोळा केला.

मी भानावर आलो आणि पटापट फोटो काढले, चांगले चाळीस. संध्याकाळी घरी आल्या आल्या बायकोपुढे मोबाईल धरला. तिनं चष्मा लावला.

"पाचोळा छान आलाय हो."

"अगं, मध्ये बघ. नीट बघ."

तिनं बराच वेळ बघून एका पानावर बोट ठेवलं. "हे का?"

"हो, हेच!" मी ठणकावून सांगितलं. खरं तर मलाही ते सापडत नव्हतं.