अर्गिरोनं दाखवलेलं घर

ऑगस्टात अर्गिरोला सुट्टी अशी मिळतच नसे. खाडीवरच्या हॉटेलात तिच्याकडे वरचा मजला होता. त्या मजल्यावरचा प्रत्येक पाहुणा सकाळी टेकडीवरचं जुनं देऊळ बघायचा, दुपारी समुद्रात डुंबायचा आणि पायाला अर्धा किनारा चिकटवून तसाच पांढऱ्या चादरीवर आडवा व्हायचा. त्या चादरी झटकता झटकता तिचे आधी खांदे गेले, मग गुडघे गेले. नवरा बोटीवर होता तोवर बरं होतं. तो गेला आणि चादरी तेवढ्या उरल्या.

देवळाकडे मात्र ती कधी गेली नाही. हॉटेलातल्या पोरी तिला चिडवायच्या, "मावशी, अख्खं जग येतं बघायला, आणि तुम्ही इथल्या असून वर चढत नाही?"

"दगडच ते. पळून जातायत का कुठं?" एवढं म्हणून ती बादली उचलायची.

खरं तर त्या टेकडीवरच तिचं गाव होतं. अंजिराची झाडं, वाळत घातलेली जाळी, वाटेतच आडव्या बसणाऱ्या शेळ्या. मग कुणाच्या तरी विहिरीच्या खोदकामात संगमरवरी खांबाचं डोकं लागलं, शहरातून माणसं आली, आणि गावाखाली देऊळ आहे म्हणून गाव उठवलं. टेकडीच्या मागं एकसारखी घरं बांधून दिली, पण त्यांतल्या एकाही खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. धाकटी बहीण इवान्थिया त्याआधीच लग्न होऊन मेलबर्नला गेली होती. घराचं दार, भांडी, कोंबड्या आणि आई, एवढं सगळं अर्गिरोनं एकटीनं खाली उतरवलं. आई रोज पहाटे उठून जुन्या घराकडे चालू लागायची, अर्गिरो तिला निम्म्या वाटेवरून माघारी आणायची. पुढं आईच्या अंगावरून वारं गेलं आणि तेही थांबलं. आई सात वर्षं अंथरुणाला खिळून होती. इवान्थिया मेलबर्नहून पोरांचे फोटो पाठवत राहिली.

त्याच इवान्थियाला यंदा मरियममातेच्या सणाला यायची बुद्धी झाली. आली ती रडत, हसत, सगळ्यांच्या गळ्यात पडत. चाळीस वर्षांत तिची भाषा मुळी पुढं सरकलीच नव्हती. इथं आता कुणी बोलत नाही असे आईचे शब्द तिच्या तोंडून सहज यायचे, आणि दर वेळी अर्गिरो चटकन मान वळवून बघायची.

तिसऱ्या दिवशी तिनं टुमणं लावलं. "ताई, मला आपलं घर बघायचंय."

"घर कुठलं आता?"

"जागा तर असेल ना! तू दाखव. बघितल्याशिवाय मी परत जायची नाही."

अर्गिरोला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की कारण सांगायला लागतं, आणि कारण सांगायचं तर आधी आठवायला लागतं. त्यापेक्षा चढणं परवडलं. इतकी वर्षं न चढायला आधी राग होता, मग वेळ नव्हता; आता नाही म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं. म्हणून ती सकाळचं काम उरकून, पायातल्या कामाच्या चपलांनिशी बहिणीच्या मागं निघाली.

ऊन मी म्हणत होतं. झाडांवरच्या किड्यांच्या कर्कश किरकिरीत इवान्थियाच्या तोंडाचा पट्टा चालू होता. ही वाट, तो वास, तिथं आपण पडलो होतो. अर्गिरो नुसतं "हं, हं" करत पाय ओढत होती. वर फाटकाशी राखणदार सावास बसला होता, शेजारच्या घरातला मुलगा. तिला बघून तो उठूनच उभा राहिला. "मावशी? तुम्ही? देव पावला म्हणायचा!" आणि तेवढ्यात खांबावर चढणाऱ्या एका पाहुण्याकडे बघून त्यानं जोरात शिट्टी फुंकली.

आत थोडेसे खांब उभे होते, बाकीचे कापलेल्या काकडीच्या चकत्यांसारखे गवतात पडले होते. दोन्ही बाजूंना खाली समुद्र. अर्गिरोनं त्याच्याकडे एकदाच बघितलं.

"कुठं गं? कुठं होतं आपलं घर?" इवान्थिया गरगर फिरत होती.

अर्गिरोच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. जवळच एका खांबाची जाड सावली पडली होती. तिनं तिथं बोट दाखवलं. "हे. इथंच," म्हणाली आणि मटकन बसली.

इवान्थिया गुडघ्यांवर आली. तिनं माती कपाळाला लावली, जमिनीचे मुके घेतले, चूल इथं असणार, आईची खाट तिथं, असं करत ढसाढसा रडली. अर्गिरो खांबाला पाठ टेकून बसून होती.

एवढ्यात सावास पाण्याची बाटली घेऊन आला. "इथं काय शोधताय? तुमचं घर तिकडं. पाहुण्यांसाठी संडास बांधलेत ना, बरोबर त्या जागी. आमची आजी नेहमी सांगायची."

इवान्थियानं मान वर केली. "संडास?"

सावासनं जीभ चावली. त्याला लांब कुणीतरी भिंतीवर चढताना दिसलं असावं. तो शिट्टी वाजवत निघून गेला.

"ताई, तू माझ्याशी खोटं बोललीस?"

"दमले होते गं. सावली इथं होती."

"मी इथं रडले, माती खाल्ली, आणि तू बघत बसलीस!"

"मग काय सांगू? आपल्या घरात जर्मन मुतायला जातात, चल दाखवते, असं?" अर्गिरोचा आवाज चढला नाही, तेवढा दम नव्हता. "मला सवय आहे. आई रोज विचारायची, इवान्थिया कधी येणार. मी सांगायचे, शनिवारी. तिला वार कळत नव्हते. रोजच शनिवार यायचा होता."

इवान्थियानं कपाळावरची माती पुसली. मग उठली, तिकडं जाऊन आली. ओल्या तोंडानं परतली आणि ताईच्या शेजारी बसली.

"नळाचं पाणी अजून खारट लागतं," ती म्हणाली. "आपल्या विहिरीसारखं."

"तीच विहीर. दुसरं पाणी कुठं आहे इथं?"

यावर दोघींनाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. अर्गिरोचा डोळा लागला. पाहुण्यांचा एक घोळका आला. खांबाला टेकून तोंड उघडं टाकून झोपलेली म्हातारी त्यांना देवळापेक्षा आवडली आणि त्यांनी कॅमेरे काढले. इवान्थियानं त्यांना मेलबर्नच्या इंग्रजीत असं काही सुनावलं की घोळका पांगला. सावली सरकली तशी ती ताईला ऊन लागू नये म्हणून सरकून बसत राहिली.

अर्गिरोला जाग आली तेव्हा सावास फाटक बंद करायच्या तयारीत होता. उतरताना इवान्थियानं तिचा दंड धरला होता. "माझ्याबरोबर चल तिकडं. आराम कर."

"तिकडं जाऊन काय करू? तुझ्या चादरी घालू?"

"ताई, मी तेव्हा यायला हवं होतं."

"हवं होतं," अर्गिरो म्हणाली. "खड्डा आहे, जपून."

पुढच्या आठवड्यात इवान्थिया गेली. विमानतळाच्या बसपाशी दोघी गळ्यात पडल्या. तिथून अर्गिरो सरळ हॉटेलात आली. वरच्या मजल्यावरच्या चादरी तशाच पडल्या होत्या. तिनं खिडक्या उघडल्या, पहिल्या खोलीतल्या पलंगाच्या कडेला थोडी टेकली, आणि मग उठून उशीचे अभ्रे काढायला लागली.