आतल्या मुंग्या

त्या पट्ट्यांना इतरांच्या घामाचा वास होता. कधीच न धुतलेल्या नायलॉनचा, त्यावर कुणीतरी शिंपडलेल्या फिनेलचा. मानेभोवतीच्या कॉलरच्या फोमला शिळ्या पावासारखा आंबूस वास. मान हलवता येत नाही, म्हणून तो वास चुकवताही येत नाही.

मी स्पाइन बोर्डवर बांधलेली होते. अपघातातल्या माणसाचा कणा हलू नये म्हणून त्याला ज्या फळीवर बांधतात, ती फळी. कपाळावर पट्टी, छातीवर, कमरेवर, गुडघ्यांवर. सिल्वासातल्या आमच्या पॅरामेडिक प्रशिक्षणवर्गाचा सराव चालला होता. चहा आला. मला सोडवण्याआधी सगळे चहाकडे वळले. हार्दिकने आपला भरलेला कागदी कप माझ्या छातीवर ठेवला, दोन पट्ट्यांच्या मध्ये.

"हलली तर सांडेल," तो म्हणाला. "मग समज, बांधणारा नापास."

सर हसले. "चांगली टेस्ट आहे रे."

ऊब ॲप्रनमधून आत उतरली, मग चटका. मी श्वास वरवर घेऊ लागले, गळ्यापुरता. ओठावर माशी बसली. ती उठेपर्यंत मी छताच्या पंख्याकडे पाहत राहिले. चहा सांडला नाही. मला आजही लाज वाटते ती त्याचीच. सांडला नाही याची.

सरावासाठी वर्गात एक पुतळा होता. त्याची मान मोडलेली होती. म्हणून पहिल्याच आठवड्यात सरांनी मला सांगितले, तू पेशंट हो. सर मुंबईहून आलेले, मृदू बोलणारे. त्यांचा आवाज कधी चढत नसे. "तू हलकी आहेस, उचलायला बरी," असे कारण त्यांनी पहिल्या दिवशी दिले. नंतर कारण लागेनासे झाले. ते नुसते फळीकडे बोट दाखवत. वर्गात आणखी दोन मुली होत्या, माझ्याइतक्याच हलक्या. एकीचे वडील प्रशासनात अधिकारी, दुसरीचे डॉक्टर. त्यांना कुणी झोपायला सांगितले नाही. माझे वडील साक्रीकडून आलेले, सूत कारखान्यात मशिनवर उभे असतात. सिल्वासातल्याच आमली भागात आमची एक खोली आहे. त्या खोलीतून आलेल्या अंगाला हात लावायला परवानगी लागत नसावी.

वेदना दाखवायची असली की सर म्हणत, "तुमच्या भाषेत ओरड. खरं वाटतं." मी अहिराणीत ओरडे. वर्ग हसे. ज्या भाषेत आई मला जेवायला हाक मारते, ती भाषा रोज फळीवर बांधून हसण्यासाठी काढली जाई. आणि मी ती काढून देत होते. कारण मला सही हवी होती.

आमच्या प्रत्येकाकडे एक नोंदवही असते. परीक्षेला बसायचे तर तिच्यात प्रत्येक कौशल्यापुढे 'स्वतः केले' असे लिहून सरांची सही लागते. माझ्या वहीत पानामागून पान 'सहभाग' लिहिलेले. मी विचारले की सर म्हणत, पुढच्या वेळी. सहा महिने पुढची वेळ.

मग गलोंडा गावातला तो दिवस. प्रत्यक्ष कामासाठी हार्दिकला आणि मला सरांबरोबर रुग्णवाहिकेत पाठवले होते. एका कारखान्यात पॅकिंगमधली बाई शिडीवरून पाठीवर पडली होती. आत तापलेल्या प्लास्टिकचा वास. मशिन्स कुणी थांबवली नव्हती. सर दारात व्यवस्थापकाशी बोलत राहिले, रुग्णवाहिकेचा पॅरामेडिक फळी काढायला मागे थांबला. हार्दिक आणि मी आधी पोहोचलो.

बाई छताकडे पाहत पडली होती. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, अहिराणीत. "पायले मुंग्या... दोन्ही पायले मुंग्या."

हार्दिक टोकरखाड्यातल्या गुजराती घरातला. बाजारापुरती मराठी त्याला येते. मुंगी म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होते. तो खाली बसला, खिशातून रुमाल काढला आणि बाईचे तळवे झटकू लागला. वाकून पाहिले. मुंगी कुठेच नव्हती.

"कुछ नहीं है, मौसी. चलो, बैठ जाओ." त्याने तिच्या काखेत हात घातले.

पाय बधिर होऊन झिणझिण्या आल्या की आम्ही म्हणतो, मुंग्या आल्या. हे त्याला कुणी शिकवले नव्हते. पाठीवर पडलेल्या माणसाच्या दोन्ही पायांना मुंग्या येतात तेव्हा कणा दुखावलेला असू शकतो. अशा माणसाला उठवून बसवणे म्हणजे त्याचे पाय कायमचे काढून घेणेही असू शकते. हे मात्र आम्हा दोघांना एकाच वर्गात शिकवले होते.

मी त्याचे मनगट धरले. "उठवू नकोस. मुंग्या आतल्या आहेत."

तो थांबला. मी गुडघ्यांवर बसले आणि बाईचे डोके दोन्ही तळव्यांत घेतले. पहिल्यांदाच वरून. माझ्या हातांना सगळे येत होते. तळवा कानावर दाबला की रुग्णाला काही ऐकू येत नाही. छातीची पट्टी दोन बोटे वर सरकली की श्वास अडतो. हनुवटीखाली कॉलर रुतली की गिळता येत नाही. मी हे खालून शिकले होते, सहा महिने.

"मान हालाऊ नको, माय," मी म्हणाले. "मी धरेल शे."

तिच्या डोळ्यांनी मला शोधून काढले. फळी आली, कॉलर चढली. कुठे किती आवळायचे ते मी सांगितले. तिला उचलले तेही माझ्या मोजणीवर. ती पुढे चालली की नाही, मला माहीत नाही. विद्यार्थ्यांना कुणी कळवत नाही.

रुग्णालयाच्या पोर्चमध्ये सरांनी वह्या मागितल्या. हार्दिकच्या वहीत लिहिले, 'स्वतः केले'. माझ्या वहीवर पेन क्षणभर थांबले. मग लिहिले, 'भाषांतर'.

मी म्हणाले, डोके मी धरले होते, सर. त्यांनी पेनाला टोपण लावले. "अगं, पण तुला भाषा येत होती म्हणूनच ना?"

भाषा हसायला असेपर्यंत माझी नव्हती, वर्गाची होती. उपयोगाला आली तेव्हा माझी ठरली, आणि सही नाकारण्याचे कारण झाली. हार्दिकचा रुमाल अजून त्याच्या हातातच होता.

पुढच्या आठवड्यात वह्या जमा करण्याआधीचा शेवटचा सराव. फळी जमिनीवर मांडलेली. सरांनी बोट दाखवले.

मी उभी राहिले. वाक्य तयार नव्हते. आले तसे बोलले.

"मी झोपणार नाही, सर. मी बांधणार आहे."

सर त्याच मऊ आवाजात म्हणाले की मग वही अपुरी राहील, आणि या वर्षीची परीक्षा गेली असे समज. मी म्हणाले, तसे माझ्या वहीत लिहा, कारणासकट. त्यांनी लिहिले नाही. त्यांनी वर्गाकडे पाहिले. वर्ग आपापल्या बुटांकडे पाहत होता. अधिकाऱ्याच्या मुलीला ते सांगू शकले नाहीत, डॉक्टरांच्या मुलीलाही नाही, हार्दिकलाही नाही. फळी रिकामी राहिली. एवढीच त्या वर्गातली माझी जागा होती, आणि ती भरायला त्यांच्याकडे दुसरे कुणी नव्हते.

परीक्षा गेली. मी नोंदवहीच्या प्रत्येक पानाची प्रत अर्जाला जोडून संस्थेच्या प्रमुखांना दिली. उत्तर आलेले नाही. पुढच्या तुकडीत मी पुन्हा नाव घातले आहे. फळीवर मी झोपेन, इतर सगळे जितक्या वेळा झोपतील तितक्याच वेळा. एकदाही जास्त नाही. ओरडायचे असेल तर प्रमाण मराठीत ओरडेन, आणि अहिराणी ज्याला हवी असेल त्याने शेजारी बसून शिकावी. रुग्णासाठी. हसण्यासाठी नव्हे.

त्या शेवटच्या सरावाच्या दिवशी मी वही उचलून निघाले. दारापाशी पोहोचले तेव्हा सरांचा आवाज पहिल्यांदा चढला. सहा महिन्यांत माझ्याविषयी त्यांनी दिलेला एवढाच शेरा मी मान्य करते, आणि तो खोडून घ्यायला मी कधी जाणार नाही. ते म्हणाले,

"उद्धट."