चौतीसचा ब्लाउज घेऊन कुनमिंगला

चीनला जायचं माझ्या सासूबाईंनी ठरवलं, तेही दुकानाचं शटर ओढता ओढता. नणंद विद्या दोन वर्षांपूर्वी कुनमिंगला योगशिक्षिका म्हणून गेली. आता तिला पुढच्या करारावर सही करायची होती, आणि सासूबाईंना ती व्हिडिओवर बारीक वाटत होती.

"सोरगून गेलीय पोर. मी जाऊन माप घेते. चौतीसच्या खाली उतरली असली तर संगटच घेऊन येते. साकु, पुरे ते चीन."

"अहो आई, ती फोनवर सांगते ना, बरी आहे म्हणून," मी म्हटलं.

"माणूस सुळ्ळु सांगंल, टेप खोटं सांगत नाही."

आमचं म्हैसूरला हिनकलमध्ये टेलरिंगचं दुकान आहे. मापांच्या वहीत विद्याच्या नावापुढे छातीचं माप चौतीस इंच लिहिलेलं होतं, त्यावरून सासूबाईंनी जांभळ्या रेशमाचा ब्लाउज शिवून बॅगेत ठेवला. मी मूळची सांगलीची, या घरची सून. विद्याच्या नोकरीची जाहिरात मीच शोधली, अर्ज मीच भरला. तेव्हापासून सासूबाईंच्या रागापायी माझा एक ब्लाउजपीस दुकानाच्या फळीवर न शिवता पडून आहे. शिंप्याच्या घरची सून बाहेर ब्लाउज शिवायला टाकते, हे सांगणार तरी कुणाला? त्यात आणखी एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. पहिल्या हिवाळ्यात विद्या खरंच खंगली होती, आणि "आईला सांगू नकोस वहिनी" म्हणाली म्हणून मी गप्प बसले होते. मी सोबत निघाले ती धास्तावूनच.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. व्हिसाच्या कागदांना दीड-दोन महिने आधीच लागा. म्हैसूरहून बेंगळुरू विमानतळाची थेट बस मिळते, साडेचार तास धरून चाला. आम्ही बँकॉकला विमान बदललं. तिथे सासूबाईंचा हात गळ्याशी गेला आणि त्यांचा चेहराच उतरला. टेप दुकानातल्या खुंटीवर राहिला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा.

कुनमिंगची हवा डिसेंबरात आपल्या म्हैसूरपेक्षा बरीच गार, पण ऊन तसंच छान. विद्या न्यायला आली ती गुडघ्यापर्यंतच्या फुगीर जाकिटात. त्यात माणूस जाड की बारीक, कळायला मार्ग नाही. सासूबाईंनी तिचं मनगट तेवढं दाबून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिचा वर्ग बघितला. दिवसाला तीन वर्ग असतात, पहिला सकाळी सातला. बहुतेक ऑफिसला जाणाऱ्या बायका. सगळ्या तिला 'लाओशी' म्हणतात, म्हणजे आपल्याकडे 'बाई' म्हणतो तसं. विद्या त्यांच्या भाषेत श्वास मोजत होती आणि सासूबाई मागे स्टुलावर बसून तिच्या सैल स्वेटरकडे बघत होत्या. वर्ग संपल्यावर एका बाईंनी सासूबाईंच्या हातात संत्र्यांची पिशवी ठेवली. लाओशीची आई म्हणून.

जेवणाची काळजी फार करू नका. देवळांजवळ पूर्ण शाकाहारी खाणावळी असतात, आणि तांदळाच्या शेवया कुठेही पोटभर मिळतात. फक्त मांसाचा रस्सा नको, हे आधी फोनवर त्यांच्या भाषेत लिहून दाखवा. पैसेही फोनवरूनच द्यायचे असतात, तेव्हा त्यांचं अ‍ॅप घरूनच कार्डाला जोडून निघा.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा धीर संपला. विद्याच्या इमारतीखाली एक बाई कपडे दुरुस्त करून देते. एवढीशी जागा, एक मशीन, एक पडदा. सासूबाईंनी खुणेनेच टेप मागितला आणि विद्याला तिथेच उभी केली. आधी माप, मग कपडा, हा त्यांचा नेमच आहे. टेप छातीभोवती आला. त्यांनी आकडा वाचला, चष्मा पुसून परत वाचला आणि स्टुलावर बसल्या.

"सत्तावीस," त्या म्हणाल्या. "चौतीसची पोर सत्तावीस झाली. चल, सामान भर."

विद्या माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांना पोरगी चांगली दिसत होती, पण आमच्या घरात डोळ्यांपेक्षा टेपचं ऐकतात.

"आई, आणलेला ब्लाउज तरी घालून बघू दे," मी कसंबसं म्हटलं.

विद्या पडद्याआडून आली ती पाठमोरी. मागच्या हुकांमध्ये चांगलं दोन बोटं अंतर, काही केल्या लागेनात. सासूबाई ब्लाउजकडे बघतात, टेपकडे बघतात. दुकानवाल्या बाईंच्या एव्हाना लक्षात आलं असावं. त्यांनी टेप उलटा करून पुन्हा विद्याभोवती धरला आणि सेंटिमीटरवर बोट ठेवलं. एक्याण्णव.

"एक्याण्णव म्हणजे छत्तीस," सासूबाई पुटपुटल्या.

"आई, इथला इंच वेगळा असतो," विद्याला आत्ता उलगडा झाला. "आपल्या सव्वा इंचाहून मोठा."

सासूबाई हसल्या आणि हसता हसता रडल्या. मग पदराने डोळे पुसून सरळ त्या बाईंच्या मशीनवर जाऊन बसल्या. शिवण उसवून आत सोडलेलं जादा कापड त्या मोकळं करत होत्या आणि त्या बाई दिवा धरून उभ्या होत्या. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, कामात मात्र काही अडलं नाही.

"मग सही करू?" विद्याने विचारलं.

"कर की. वर्षाला एक डाव येऊन माप देऊन जा."

उरलेले चार दिवस आम्ही खरोखर सहल केली. शहरातल्या तळ्यावर हिवाळ्यात पांढरे पक्षी येतात, लोक त्यांना पाव घालतात. तिथे बाकावर बसून विद्याने आपणहून आईला पहिल्या हिवाळ्याचं सगळं सांगितलं. "वहिनी तेव्हा रोज सकाळी फोन करायची," असंही म्हणाली.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

"होतं," मी म्हटलं. त्या पिशवीतला पाव पक्ष्यांना टाकत राहिल्या. परतीच्या प्रवासातही तो विषय निघाला नाही.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीतलं चौतीस खोडून छत्तीस लिहिलं. मी चहा घेऊन दुकानात गेले, तर फळीवरचा माझा ब्लाउजपीस झटकून टेबलावर पसरलेला.

"उभी राहा," टेप गळ्यातून काढत त्या म्हणाल्या. माझं माप घेतलं. "अडतीस. तुझं आधी छत्तीस होतं, अल्लवा?"

"त्या चिनी टेपने घ्या ना आई. एकोणतीस भरेन."

"गप, हात वर कर," त्या म्हणाल्या आणि हसू दाबत वहीचं नवं पान उघडून त्यावर माझं नाव लिहिलं.