शेवटचं गाणं शकूचं होतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण परवा कुणीतरी माझ्या तोंडावर मला ‘परंपरा जपणारा माणूस’ म्हणालं आणि माझं डोकं फिरलं.

जुन्नरला दर मे महिन्यात आमच्या बुवांचा संगीत उत्सव व्हायचा. देवळाच्या पटांगणात, तीन संध्याकाळी. ख्याल, ठुमरी — आणि अगदी शेवटी बुवांनी स्वतः बांधलेलं देशगीत, देस रागातलं. लोक त्यासाठीच थांबायचे. मी शाळामास्तर, उत्सवात पेटी वाजवायचो.

शकुंतला डिंभ्याची. नर्स होती, बौद्ध घरातली. मिळेल ती एसटी पकडून रविवारी बुवांकडे शिकायला यायची. आम्ही दहा-बारा शिष्य होतो, पण गळा — तो तिचा एकटीचा. बुवा अंथरुणाला खिळले तेव्हा एका दुपारी शकू आणि मी दोघंच त्यांच्यापाशी होतो. ते मला म्हणाले, “शेवटचं गाणं आता शकू म्हणंल. तू समितीला सांग.” मी मान डोलावली.

बुवा गेले. उत्सवाची समिती बसली. अध्यक्ष म्हणाले, “परंपरा हाय राव. ते गाणं कुणाच्याबी तोंडी नाय देता येत.” कुणी जात काढली नाही. काढायची गरज काय? परंपरा म्हटलं की भागतं. मग माझ्याकडे वळले. “गुरुजी, बुवा काय बोललं व्हतं का?”

मी घाबरलो होतो, असं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. घाबरायचं काय होतं? दोघं-तिघं कुरकुरले असते, पण बुवांचा शब्द कुणी मोडला नसता. मी ‘नाही’ म्हणालो, कारण ते गाणं मला हवं होतं. समितीच्या मनातली घाण मला आयती कामाला आली.

शकू दारातच उभी होती. “भाऊ, तुमी व्हता की तिथं,” एवढंच म्हणाली.

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

त्या मे महिन्यात ते गाणं मी गायलो. पुढं नऊ वर्षं गायलो. सीमेवर लढाई पेटली त्या उन्हाळ्यात तर अख्खं पटांगण उभं राहिलं. हा देश सगळ्यांचा, असं गात होतो मी — कुणाला हाकलून? शरम तेव्हा वाटली नाही. टाळ्या ऐकत होतो. शकू पहिल्या वर्षी बायकांत बसून ऐकून गेली. नंतर कधी आली नाही.

मग एका पंधरा ऑगस्टला डिंभ्याच्या शाळेनं मला पाहुणा म्हणून बोलावलं. मुलींनी तेच गाणं म्हटलं. दुसऱ्या ओळीत एक अवघड जागा आहे, मला ती कधीच जमली नाही — त्या पोरींनी सहज घेतली. कुणी शिकवलं, हे विचारायची गरजच नव्हती. शकू पालकांत उभी होती. हेडमास्तर म्हणाले, “या गाण्याचे खरे वारस आज आपल्यात आहेत,” आणि शाल घेऊन माझ्याकडे आले.

माइक माझ्या हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं. शकू बघत होती — रागानं नाही, नुसती, मी काय करतो ते.

मी शाल खांद्यावर घेतली आणि मुलींना म्हणालो, “छान म्हटलंत. फक्त त्या दुसऱ्या ओळीवर जरा मेहनत घ्या.”