माळावरच्या म्हशींची यादी

माझ्या दोघा नातवंडांनो, परवा व्हिडिओ कॉलवर वर्तमानपत्रातला तो फोटो पाहून तुम्ही इतके हसलात, की मला नीट उत्तरच देता आलं नाही. म्हशींच्या गर्दीत, हातात फाइल आणि डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली बाई मीच. ही गोष्ट आत्ताच लिहून काढते, कारण गेल्या आठवड्यात निकालाचं पत्र आलं आणि तेव्हापासून गावात तिच्यात रोज नवी भर पडते आहे. कालच्या सांगण्यात एका म्हशीने साहेबांची गाडी ओढ्यात ढकलली होती. तसं काही झालं नाही. जे झालं ते मात्र मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

तुम्ही अकराव्या मजल्यावर राहता, म्हणून आधीच सांगते, मला उंच इमारतींचा राग नाही. शहरात, शिवाजी पेठेत, मी भिंतीला भिंत लावून तीस वर्षं राहिले. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून आम्ही आमचा गॅस बंद करत असू. शाळेतली नोकरी संपल्यावर तुमच्या आजोबांच्या या गावी आलो आणि गावाच्या वरच्या अंगाला, रस्त्याजवळ घर बांधलं.

गावाची खालची गल्ली नदीला लागून आहे. पूर आला की तिथली माणसं नातेवाइकांकडे जातात, शाळेत जातात. म्हशींना शाळेत घेत नाहीत. त्या गावामागच्या माळावर जातात. माळ ज्यांच्या मालकीचा ते लोक केव्हाच पुण्याला गेले, पण पुरात जनावरं बांधू नका असं ते कधी म्हणाले नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी माळ विकायला काढला आणि तिथे सात मजल्यांच्या सहा इमारती होणार असल्याची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. हरकती लेखी मागवल्या होत्या. सोबतच्या नकाशात माळावर दोनच शब्द छापले होते, पडीक जमीन.

आमच्याकडे दुधाचा रतीब घालणाऱ्या वहिनी त्याच गल्लीतल्या. यजमान गेल्यापासून तीन म्हशींवर त्यांचं घर चालतं. गेल्या पुरात त्या नऊ दिवस माळावर प्लॅस्टिकच्या कागदाखाली म्हशींजवळ बसून होत्या. मी त्यांना नोटीस वाचून दाखवली तेव्हा हातातलं दुधाचं माप तसंच धरून त्या म्हणाल्या, "बाई, माळ गेला तर मी म्हशी कुठं न्यायच्या? सोडून दिल्या तर व्हावून जात्यात. आन् त्यास्नी सोडून मी जायाची न्हाय."

मी त्याच दुपारी हरकत लिहायला बसले. पण सगळं गाव एका बाजूला होतं असं समजू नका. वहिनींचा पुतण्याच दारात येऊन मला म्हणाला, "बाई, तुमचा बंगला झाला तवा कुणी हरकत घेतली न्हाय. आता आमाला फ्लॅट मिळाया लागलं तर तुमी आडव्या. गावात फ्लॅट न्हाय म्हून मला पोरगी कोण दीना."

वहिनी माझ्या स्वयंपाकघरात दूध ओतत होत्या, त्यांनी आतूनच उत्तर दिलं, की आधी सकाळी नवाच्या आत उठायला लाग, मग पोरगी बघू.

आम्ही हसलो, पण त्याचं म्हणणं खरं होतं. आमचं घर उभं आहे तिथे पूर्वी भुईमूग पिकायचा. म्हणून अर्जात मी एक कलम वाढवलं, की रस्त्याकडच्या पट्ट्यात बेताची घरं बांधायला हरकत नाही, वरचा माळ तेवढा सोडावा.

अर्जाला पुरावा हवा होता. पुराचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होते, पण त्यांत पाऊस, निळे कागद आणि म्हशींच्या पाठी एवढंच दिसत होतं. तो कुठलाही माळ असू शकला असता. तेव्हा वहिनी मला माळावर घेऊन गेल्या, आणि इतकी वर्षं इथे राहून मला ठाऊक नसलेली गोष्ट त्यांनी सहज सांगितली. माळावर प्रत्येक घराची जागा ठरलेली आहे. गवतात पाय घासत त्या चालायच्या आणि जमिनीत ठोकलेली लोखंडी मेख सापडली की घराचं नाव सांगायच्या. मेखेला दावं बांधायचं, कोणी दुसऱ्याच्या मेखेला जायचं नाही. मला पेपर तपासायच्या दिवसांसारखा हुरूप आला. चार सकाळी आम्ही मोजत होतो. एकोणचाळीस घरं, एकोणचाळीस जागा. मी पट्टी धरून नकाशा काढला, क्रमांक घातले, यादी केली. वहिनींची जागा तेविसावी, झाडाखालची.

हरकतींची पाहणी करायला सरकारी साहेब आले ते ऐन उन्हाळ्यात. खालच्या गल्लीने ठरवलं होतं की घोषणा द्यायच्या नाहीत, फक्त म्हशी घेऊन माळावर यायचं. साहेब तरुण होते, बोलायला मऊ. माझी फाइल त्यांनी पानन् पान चाळली आणि म्हणाले, "मॅडम, काम फार व्यवस्थित आहे. पण पंचनाम्यात मी डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहितो. इथे मला गवत दिसतं आहे."

मी मेखा दाखवल्या. बांधकामवाल्यांकडून आलेले गृहस्थ हसले. पांढरे बूट जपत ते म्हणाले की घरच्या जुन्या मेखा काल आणून ठोकल्या नसतील कशावरून? इतकी वर्षं मुलींना मुद्देसूद लिहायला शिकवलं, आणि माझाच मुद्दा ऊन लागल्यासारखा कोमेजला.

वहिनी पुढे झाल्या. "मेखा आमी ठोकल्या असतील. म्हशीला कोण शिकवलं? सोडू काय एक?"

साहेबांनी मान डोलावली. माझी यादी त्यांच्या हातात होती, त्यांनी तेविसावर बोट ठेवलं. वहिनींनी थोरल्या म्हशीचं दावं सोडलं आणि पाठीवर थाप मारली. म्हैस निघाली. मी मनात पावलं मोजत होते. ती झाडाजवळ गेली, झाडाकडे न बघता तशीच पुढे गेली, आणि उताराच्या कडेला एका मेखेपाशी जाऊन उभी राहिली.

साहेबांनी नकाशा फिरवून पाहिला. एकतिसावा क्रमांक. ती जागा वहिनींच्या जावेची.

पांढऱ्या बुटांचे गृहस्थ मोठ्यांदा हसले. मी वहिनींकडे वळून कुजबुजले, की अहो, यादीत तर तेवीस आहे.

"बाई, म्हस काय तुमची यादी वाचून जातीया व्हय?" वहिनी म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. "गेल्या पुरात जागा बदललीती की आमी. जावंची म्हस व्यायला झालती, म्हून झाडाखालची तिला दिलती."

मला त्यांनी जुनी, वडिलोपार्जित जागा सांगितली होती. म्हशीला शेवटची आठवत होती.

माळाच्या दुसऱ्या टोकाला वहिनींची जाऊ आपल्या म्हशीचं दावं धरून उभी होती, तिला यातलं काहीच ऐकू आलेलं नव्हतं. साहेब तिच्यापर्यंत चालत गेले आणि विचारलं, पुरात तुमची म्हैस कुठे होती? झाडाखाली, ती म्हणाली, व्यायची होती म्हणून थोरल्या जावेने दिली होती जागा. सोडा तिला, साहेब म्हणाले. ती म्हैस रमतगमत आली आणि झाडाखाली थेट तेविसाव्या मेखेपाशी थांबली.

मग कोणी ऐकेना. मागच्यांनी आपापली दावी सोडली आणि माळभर म्हशी चालू लागल्या. फोटो तेव्हाचा आहे. मी फाइल उंच धरून क्रमांक ओरडते आहे आणि लोक घरांची नावं ओरडताहेत. सगळ्याच म्हशी बरोबर गेल्या असं मी लिहिणार नाही. पुरानंतर बाजारातून आणलेल्या आठ-दहा म्हशी मधोमध उभ्या राहून बघत राहिल्या, त्यांना जागाच ठाऊक नव्हती. साहेबांनी त्यांचंही टिपून घेतलं. पांढरे बूट शेवटी गाडीत जाऊन बसले.

निघताना मी साहेबांना म्हटलं की यादी दुरुस्त करून उद्या आणून देते.

"नको मॅडम," ते म्हणाले. "चुकीसकट जोडतो. शिकवलेली म्हैस यादीप्रमाणेच गेली असती."

गेल्या आठवड्यात पत्र आलं. सहा इमारतींचा प्रस्ताव परत पाठवला आहे. रस्त्याकडच्या पट्ट्यात दोन मजल्यांपर्यंतच्या घरांसाठी वेगळा अर्ज करता येईल असं लिहिलं आहे. वहिनींच्या पुतण्याने तिथे घर घ्यायचं ठरवलं असून, तो हल्ली माझ्याशी पुन्हा बोलतो. पत्र मी दूध संस्थेत, सकाळच्या रांगेसमोर, मोठ्याने वाचलं. वहिनींनी मला दोनदा वाचायला लावलं.

बांधकामवाले दाद मागायला वरच्या कार्यालयात गेले आहेत म्हणतात, आणि तिथे काय होईल ते मला सांगता येत नाही. आज वरचा माळ मोकळा आहे, आणि पूर आला तर वहिनींना म्हशी घेऊन तिथे जाता येईल.