पलीकडचा पक्षी

कोयता वापरून झाला की डेन्झिल तो डाव्या मांडीवर दोनदा पुसायचे. उजव्या मांडीवर कधीच नाही. फाटक लावल्यावर चार पावलं पुढे जायचे, परत यायचे, कडी हलवून बघायचे. सँडविचचा कागद घडी करून खिशात ठेवायचे. तोच कागद आठवडाभर चालायचा. हेझलच्या झाडाचे लवचिक फोक जाडीप्रमाणे वेगळे रचायचे आणि ढिगाची टोकं एका रेषेत आली नाहीत तर बुटानं ठोकून आणायचे. रानातून चालताना मध्येच वाकून कुणाच्या तरी कुत्र्यानं टाकलेली काठी उचलायचे आणि जागेवर ठेवायचे. काठीची जागा कुठली, ते त्यांनाच ठाऊक. चहा पिताना गाडीवाटेकडे पाठ करून बसायचे. आणि सिरिल टटचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "पलीकडचा."

डेन्झिल फेअरब्रास गेले त्याला आज तीन आठवडे झाले. दोन दिवस ताप, मग हॉस्पिटल, मग फोन. वय चौऱ्याहत्तर. माझं पंचवीस. आम्ही मित्र होतो. याहून जास्त मला अजून नीट सांगता येत नाही, म्हणून जे घडलं ते क्रमानं लिहिते.

स्पिनलो वनाच्या मधून एक जुनी गाडीवाट जाते. पूर्वेचं रान डेन्झिलचं, पश्चिमेचं सिरिलचं. जमीन एका मोठ्या जमीनदाराच्या इस्टेटीची, पण तोडीचा हक्क या दोघांचा. काम दोघं एकाच माणसाकडे शिकले, डेन्झिलच्या वडिलांकडे. हेझल बुंध्याशी छाटायचं, सात वर्षं वाढू द्यायचं, पुन्हा छाटायचं. दर हिवाळ्यात एक पट्टा. त्या फोकांच्या ताट्या विणायच्या. पूर्वी मेंढ्यांना अडवायला जायच्या, हल्ली लोकांच्या बागांत जातात.

मी साहित्याची पदवी घेऊन गावी परतले आणि सकाळी दुकानात पाव विकायला लागले. दुपार मोकळी. रानात फिरायला गेले तर हा म्हातारा एका खुंटावर बसून ताटी विणत होता.

"काय शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"साहित्य."

"म्हणजे वाचत होतीस."

"हो."

"किती वर्षं?"

"तीन."

"मग ठीक आहे. फार नुकसान नाही झालं."

त्या दिवसापासून मी पदवीधरबाई झाले. आठवड्याभरानं त्यांनी मला थर्मासच्या झाकणात चहा दिला आणि एकदम म्हणाले, "तुझे कान कसे आहेत?"

मला वाटलं, चेष्टा. चेष्टा नव्हती. तीस वर्षं त्यांनी यंत्राची करवत चालवली होती, कानांवर काही न लावता. माणसाचं बोलणं ऐकू यायचं. बारीक आवाज गेले होते. त्यात पक्षी गेले होते.

"नाइटिंगेल ऐकलायस कधी?"

"नाही. पण कवितेत पुष्कळ..."

"तीन वर्षं पुस्तकात पक्षी वाचलास आणि घरामागे गातो तो ऐकला नाहीस?"

"कुठे गातो?"

 त्यांनी मान न वळवता अंगठा पाठीमागे केला. "पलीकडे."

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचं अख्खं गाव स्पिनलो वनात जातं. गाडीवाटेच्या तोंडाशी फळ्यांची टेबलं लागतात. चहा, डुकराच्या चरबीतला गोड केक, पाद्रीबाईंची दोन वाक्यं. मग सगळे निळ्या फुलांमधून हळूहळू चालत नाइटिंगेल ऐकायला जातात. अकरा वर्षं हा पक्षी सिरिलच्या बाजूला गात होता. सिरिल स्वच्छ टोपी घालून पुढे चालायचा, ओठांवर बोट ठेवून, जणू आत कुणी त्याचं तान्हं बाळ झोपलं आहे. अकरा वर्षं डेन्झिल त्या रविवारी पूर्वेला एकटे बसून ताटी विणत होते.

आणि यातली खरी बोच वेगळीच होती. सिरिल आळशी. त्याचे पट्टे वेळेवर तोडले जायचे नाहीत. काटेरी झुडपं, ब्लॅकबेरीच्या वेली, पडलेल्या फांद्या, सगळं तसंच. डेन्झिलचं रान मात्र झाडून काढल्यासारखं. वडिलांनी शिकवलं तसं, एक काटा शिल्लक नाही. नाइटिंगेलला लागते अशीच दाट, अडचणीची झाडी. त्याला सिरिलचा आळस आवडला.

"मी वडिलांचं ऐकलं," डेन्झिल एकदा म्हणाले. "त्यानं नाही ऐकलं. पक्षी कुणाकडे गेला बघ."

त्या हिवाळ्यात त्यांच्या ओढ्याकाठच्या पट्ट्याची सात वर्षं भरत होती. त्यांनी तो तोडला नाही. कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, कारण कान माझे लागणार होते.

न तोडणं हे त्यांना तोडण्यापेक्षा जड गेलं. वेली वाढल्या. काटेरी झुडपं हेझलमध्ये शिरली. डेन्झिल तिथे उभे राहायचे आणि हात खिशात घालून ठेवायचे. एकदा मी त्यांना एक वेल कापताना पकडलं.

"ही एकच," ते म्हणाले.

"ठेवा तो कोयता."

"वडील बघत असतील तर काय म्हणतील?"

"म्हणतील, सिरिल झालास."

ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी माफी मागितली.

पहिल्या वर्षी पक्षी आला नाही. दुसऱ्या वर्षी एप्रिल संपत आला तरी नाही. मी रोज दुकानातून सुटले की पट्ट्याजवळ जाऊन बसायचे. गाडीवाटेपलीकडून तो गातोय हे ऐकू यायचं. आणि मला राग यायचा. त्या पक्ष्याचा, सिरिलच्या टोपीचा, ओठांवरच्या बोटाचा. डेन्झिलचा मत्सर मला लागला होता, सर्दी लागते तसा. मी सिरिलला पाव देतानाही मुद्दाम जरा करपलेला द्यायचे.

मी अशी बसायला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात डेन्झिल आले आणि विचारलंही नाही. नुसते समोर उभे राहिले. टोपी हातात.

"गातोय," मी म्हणाले.

"कुठे?"

"तिथे. त्या काटेरी झुडपात."

त्यांनी झुडपाकडे बघितलं. तिथे एक रॉबिन आरामात पिसं साफ करत बसला होता. नाइटिंगेल त्याच झुडपात गात असता तर रॉबिन असा आरामात बसला नसता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"पदवीधरबाई, तुला खोटं बोलता येत नाही," ते म्हणाले. "कॉलेजात एवढं तरी शिकवायचं."

मग दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या एप्रिलमध्ये, अठ्ठावीस तारखेला, दुपारी साडेतीन वाजता, नाइटिंगेल डेन्झिलच्या पट्ट्यात गायला. मी सहा पावलांवर होते. आधी एक लांब, खालून वर चढत जाणारी शीळ, मग खडे पाण्यात पडावेत तसे सूर, मग गप्प. मग पुन्हा. मी धावत गेले.

"गातोय!"

डेन्झिल ताटी विणत होते. हात थांबला नाही. "हो का?"

"खरंच. या वेळी खरंच."

"बरं."

"चला तरी."

"चलून काय करू? मला ऐकू येतंय थोडंच. आणि तू मागच्या वर्षीही अशीच धावत आली होतीस."

"मागच्या वर्षी मी बसून होते!"

"मग यंदा सुधारणा आहे."

रोज मी सांगितलं. त्यांनी रोज "बरं" म्हटलं. मी शपथ घेतली. फोनवर आवाज टिपून ऐकवला. त्यांनी फोन कानाला लावला आणि परत दिला. "फोनमध्ये काय, कुठलाही पक्षी असू शकतो." एका खोट्यानं माझे कान कायमचे बाद झाले होते.

तेव्हा मी एकच गोष्ट मागितली. रविवारी चहाला या. नुसते टेबलापाशी उभे राहा.

ते आले. बारा वर्षांत पहिल्यांदा. कोट घासून पुसलेला. गाव चाळीसेक माणसांचं जमलं होतं. सिरिलनं त्यांना लगेच पाहिलं.

"अरे वा, डेन्झिल! वाट चुकलास की काय?"

"केक खायला आलोय."

"ये की पक्षी ऐकायला. ऐकू येईल तेवढा ऐक."

कुणीतरी हसलं. डेन्झिल हसले नाहीत.

"तुझ्याकडे काय छान स्वच्छता असते," सिरिल पुढे म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अगदी दिवाणखाना. पक्ष्यालासुद्धा पाय पुसून यावं लागत असेल."

"तुझ्याकडे त्याला पाय ठेवायला जागा सापडते हेच नवल," डेन्झिल म्हणाले.

पाद्रीबाईंनी घाईनं आपली दोन वाक्यं म्हटली. मग सिरिलनं टोपी सारखी केली, पश्चिमेकडे तोंड केलं आणि ओठांवर बोट ठेवलं. गाव गप्प झालं. कपात चमचा वाजला तेवढाच.

पश्चिमेकडून काही आलं नाही.

सिरिलनं बोट तसंच ठेवलं. मिनिटभर गेलं. आणि मग आमच्या पाठीमागून, पूर्वेकडून, ओढ्याच्या बाजूनं, ती लांब शीळ वर चढली.

चाळीस माणसं वळली. मी वळले नाही. मी डेन्झिलकडे बघत होते. तेही वळले नव्हते. त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. ते सिरिलकडे बघत होते.

सिरिलचं बोट ओठांवरच राहिलं होतं. त्याखालचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आधी भुवया, मग गाल, मग ओठ. दुसऱ्याच्या नावावर चढलेली आपली जमीन बघताना माणसाचा चेहरा असा होत असेल. डेन्झिल तो चेहरा शेवटपर्यंत बघत राहिले. पक्षी थांबेपर्यंत.

"गातोय," ते म्हणाले. मला नाही. स्वतःशीच.

मग त्यांनी केकचे दोन तुकडे घेतले, एक सिरिलपुढे धरला. "घे. तोंड पडलंय तुझं."

सिरिलनं घेतला. दोघं शेजारी उभे राहून खात होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तीन वर्षं कान मी दिले, पावसात मी बसले, शपथा मी घेतल्या. आणि त्यांनी विश्वास ठेवला तो सिरिल टटच्या चेहऱ्यावर. साठ वर्षं ज्याचं नाव घेतलं नाही, त्याचा चेहरा त्यांना तोंडपाठ होता. माझा त्यांनी कधी एवढा वेळ पाहिला नव्हता. त्या दिवशी मी लवकर घरी गेले.

दुसऱ्या दिवशी डेन्झिल दुकानात आले. पाव घेतला. काउंटरवर हेझलची एक लहानशी टोपली ठेवली, पाव ठेवण्याएवढी.

"ही तुला. पदवीधर कानांसाठी."

"कानांवर विश्वास नव्हता ना?"

"नव्हता. म्हणून तर टोपली विणावी लागली."

नाइटिंगेलची दाट झाडीही म्हातारी होते. हेझल उंच गेलं की खाली उजाड होतं आणि पक्षी दुसरीकडे बघायला लागतो. म्हणून या हिवाळ्यात डेन्झिलनी शेजारचा पट्टा तोडला. पाचसहा वर्षांनी तो दाट होईल, जुना संपायच्या आत नवा तयार. त्यांना ऐंशी होतील, हे त्यांनीच हिशेब करून सांगितलं, आणि मला एकतीस. "तोपर्यंत तुझं लग्न होऊन तू निघून जाशील," ते म्हणाले. मी म्हणाले, "कान पाठवून देईन."

पण नवे कोंब हरणं खातात. एप्रिलमध्ये कोंब फुटायच्या आत पट्ट्याला चारी बाजूंनी कुंपण हवं. दुहेरी ओळीत खुंट, मधे छाटलेल्या फांद्या दाबून भरायच्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला डेन्झिल ते करत होते. मग ताप आला.

दफनाच्या दिवशी सिरिल सगळ्यांत जास्त रडला. मला एक थेंबही आला नाही, आणि त्याला येतोय याचा राग आला. परवा मी पट्ट्यावर गेले तर तो तिथे उभा होता, कोयता घेऊन.

"तुला भरता येतं का हे?" त्यानं कुंपणाकडे हात केला.

"नाही."

"मग मी भरतो."

"त्यांना आवडलं नसतं तुम्ही हात लावलेला."

"माहीत आहे मला," सिरिल म्हणाला. "म्हणून तर लावायचाय."

 पण त्यानं कोयता उचलला नाही. गाडीवाट ओलांडून आपल्या बाजूला गेला.

तीन बाजू पूर्ण आहेत. चौथीत ओढ्याकडे डेन्झिलनी सोडलेली अकरा पावलं अजून मोकळी आहेत. खुंट ठोकलेले आहेत, दोन्ही ओळींत, सारख्या अंतरावर. छाटलेल्या फांद्यांच्या मोळ्या शेजारी रचून ठेवलेल्या आहेत, टोकं एका रेषेत. पहिली मोळी सोडलेली आहे. तिच्यातल्या चार फांद्या मधे भरून झाल्या आहेत, पाचवी खुंटाला टेकवून ठेवली आहे.