काचेमागचं पोलकं

देवळात जाऊन देवाकडे न बघता त्याच्या अंगरख्याची शिवण बघणारा माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो आमच्या शेजारी, मुरबाडला राहायचा. हे टेलरकाका मशीन बंद केल्यावर लहानसहान वस्तुसंग्रहालयं पालथी घालू लागले. डबा घेऊन एसटीनं जायचं, तलवारींकडे पाठ करायची आणि जुन्या कपड्यांच्या काचेला नाक लावून उभं राहायचं. सोबतीला मी. एके ठिकाणी पुतळ्याला अंगरखा मागचा पुढे चढवलेला पाहून त्यांनी कारकुनाशी तासभर वाद घातला. अर्ज द्या, कारकून म्हणाला. काकांनी तीन दिले. अंगरखा तसाच राहिला. कुठे जरीत गंजलेल्या टाचण्या, कुठे रेशमाला कसर. प्रत्येक फेरीहून काका सुतक असल्यासारखे परतायचे. "लोखंड जपतात रे," म्हणायचे, "कापडाला कोणी वाली नाय."

तरीही काकू गेल्यावर त्यांचं एक पोलकं काकांनी शहापूरकडच्या एका खोलीच्या संग्रहालयात देऊन टाकलं. लग्नाआधी काकूंनी त्याच्या बाह्यांना क्रोशाची लेस विणून लावली होती. मूलबाळ नाही, आपल्यामागे घरात ते कोण ठेवणार, असं काकांचं म्हणणं.

गेल्या वर्षी आम्ही ते बघायला गेलो. खोली सांभाळणाऱ्या बाईंनी कुलूप काढलं आणि आम्ही आत जायच्या आधीच त्या म्हणाल्या, "काका, पत्रा गळतो. आमी लिवून दिलं, पन कोण येत नाय." पोलक्याचा बुरशीनं काळा गोळा झाला होता. एका बाहीची वीतभर लेस तेवढी शाबूत होती. शेजारी चिठ्ठी, 'जुने स्त्रीवस्त्र'. मला वाटलं, आता काका खोली डोक्यावर घेणार. पण घरी घेऊन जा, असं बाईंनी हळूच सुचवलं, तर त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मग खिशातली छोटी कात्री काढून लेस अलगद सोडवली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि काचपेटीच्या कोरड्या कोपऱ्यात सरळ मांडली. बाईंकडून कागद मागून घेतला, त्यावर काकूंचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'हिने विणली.'

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "ती विणायला बसली की बोलायची नाय. पण कोणी जवळ बसलेलं तिला आवडायचं."

मुरबाड येईपर्यंत मीही मग काही बोललो नाही.